बाळाच्या पोटातली गाठ : घाई कुठे करायची, कुठे नाही



मागच्या भागात आपण मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरविषयी बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. रक्ताचं समजलं, पण लहान मुलांना गाठीचा कॅन्सरही होतो का? आणि झाला तर मूल वाचतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' आहे. पहिला 'हो' ऐकून पोटात गोळा येतो, म्हणून दुसरा 'हो' नीट समजावून सांगायला हा भाग.

मी मुलांच्या कॅन्सरवर उपचार करणारी डॉक्टर आहे. मुलांमध्ये गाठी अनेक ठिकाणी होतात. मेंदूत, डोळ्यात, यकृतात, हाडांत. सगळ्यांबद्दल एका भागात बोलायला गेले तर कुणाच्याच हाती काही लागणार नाही. म्हणून आज एकच गाठ घेऊ, किडनीची. तिचं नाव विल्म्स ट्यूमर. मॅक्स विल्म्स या जर्मन सर्जनने १८९९ साली या गाठीवर ग्रंथ लिहिला, त्यावरून हे नाव पडलं. लहान मुलांच्या किडनीत जे कॅन्सर होतात, त्यांत ही गाठ सगळ्यात जास्त आढळते. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली असतात.

आजच्या भागातलं मुख्य सांगणं आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी उठून गेलं तरी ते सोबत जाईल. योग्य डॉक्टरकडे पोचण्याची घाई करा. गाठ कापून घेण्याची घाई करू नका. आणि गाठ गेली म्हणून उपचार सोडून घरी परतण्याची घाई तर मुळीच करू नका.

गाठ सापडते कशी

ही गाठ बहुतेक वेळा डॉक्टरला नाही, घरच्या बाईला सापडते. आंघोळ घालताना, तेल लावताना, कपडे बदलताना आईचा किंवा आजीचा हात पोटाच्या एका बाजूला थबकतो. काहीतरी घट्ट लागतं. कधी चड्डीचं इलॅस्टिक एकाएकी घट्ट व्हायला लागतं. हातपाय होते तसेच आणि पोट तेवढं मोठं, असं दिसतं.

फसवणारी गोष्ट अशी की मूल मजेत असतं. खेळतं, धावतं, भाकरी मागतं. बऱ्याचदा दुखतही नाही. त्यामुळे घरचे म्हणतात, "जंत असतील", "गॅस झाला असेल", "बाळसं धरलंय". गावातले म्हणतात, "पानथरी वाढलीय". काही मुलांना लघवीतून रक्त जातं, काहींना ताप येतो, पोट दुखतं. काहींचं ब्लड प्रेशर वाढलेलं असतं, पण ते कुणी मोजलेलंच नसतं, कारण तीन वर्षांच्या मुलाचं बीपी मोजायचं आपल्या डोक्यात येत नाही.

मेळघाटात आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांत पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. हे मी कुणाला हिणवायला सांगत नाही. दवाखाना लांब असला आणि पोर रडत असलं की माणूस हाताशी असेल ते करतो. पण चटक्याने गाठ जात नाही, जखम चिघळते आणि दिवस जातात. ही गाठ भराभर वाढते, म्हणून हे दिवस महाग पडतात.

नियम सोपा ठेवा. मुलाच्या पोटात हाताला गाठ लागली, किंवा लघवी लालसर झाली, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी. जंताचं औषध देऊन महिनाभर वाट बघायची नाही.

ही गाठ येते कुठून

आईबाप पहिल्याच भेटीत विचारतात, "आमचं काय चुकलं?" कुणी गरोदरपणात खाल्लेल्या पपईला दोष देतं, कुणी ग्रहणाला, कुणी सुनेला. म्हणून हे स्पष्ट सांगते.

बाळ पोटात असताना त्याची किडनी तयार होत असते. जन्माच्या सुमारे महिनाभर आधी हे काम पूर्ण होतं आणि किडनी घडवणाऱ्या कोवळ्या पेशी पक्क्या होतात. काही मुलांमध्ये यातल्या थोड्या पेशी कोवळ्याच राहून जातात. इमारत बांधून झाली तरी काही गवंडी तिथेच थांबून वीट रचत राहावेत, तसं. त्यातूनच पुढे ही गाठ होते. यात तंबाखू नाही, खाणंपिणं नाही, कुणाची नजर नाही. मोठ्यांच्या कॅन्सरमागे वर्षानुवर्षांच्या सवयी असू शकतात. तीन वर्षांच्या मुलाला सवयी लागायला वेळच कुठे मिळालेला असतो?

थोड्या मुलांमध्ये मात्र जन्मजात खुणा असतात. डोळ्यातलं बुबुळाभोवतीचं रंगीत कडं जन्मतःच नसणं, शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणं, जीभ फार मोठी असणं. अशा मुलांना ही गाठ होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून त्यांची लहानपणी दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. तुमच्या घरात असं मूल असेल तर बालरोगतज्ज्ञांना हे जरूर विचारा.

पहिला आठवडा

पहिली तपासणी सोनोग्राफी. ती स्वस्त आहे, दुखत नाही आणि तालुक्याच्या गावीही होते. त्यातून चार गोष्टी कळतात. गाठ किडनीची आहे की बाहेरची? भरीव आहे की नुसती पाण्याने फुगलेली? दुसरी किडनी ठीक आहे का? आणि किडनीच्या मोठ्या रक्तवाहिनीत गाठ शिरली आहे का? किडनी लघवी तुंबूनही फुगते आणि तो कॅन्सर नसतो. त्यामुळे सोनोग्राफी होईपर्यंत मनाने काही ठरवू नका.

पुढे पोटाचा आणि छातीचा सीटी स्कॅन होतो. छातीचा कशाला? कारण ही गाठ पसरली तर सगळ्यात आधी बहुधा फुप्फुसात जाते. पोटातल्या दुसऱ्या दोन गाठींपासून ती ओळखूनही घ्यावी लागते. एक न्यूरोब्लास्टोमा. ती बहुधा किडनीच्या वर बसलेल्या ग्रंथीतून निघते आणि किडनीला बाजूला ढकलते. तिच्यात मूल बऱ्याचदा मलूल असतं, हाडं दुखतात, डोळ्यांभोवती काळंनिळं दिसू शकतं. लघवीच्या खास तपासणीत तिचे अंश सापडतात. दुसरी यकृताची हेपॅटोब्लास्टोमा. तिच्यात रक्तातलं अल्फा फीटोप्रोटीन वाढलेलं असतं. तिन्ही गाठींचे उपचार वेगळे. म्हणून 'पोटात गाठ आहे' एवढ्यावर कुणी औषध सुरू करत नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका. विल्म्सची गाठ मऊ असते आणि तिचं आवरण पातळ असतं. जोरात दाबली, पोटावर मार बसला, तर ती आत फुटू शकते. मोठ्या रुग्णालयांत अशा मुलाच्या खाटेवर पाटीच लावतात, 'पोट दाबू नये'. घरी आलेल्या प्रत्येक मावशी-काकूला हात लावून बघायला देऊ नका. पोट चोळून देणाऱ्याकडे तर नेऊच नका.

तुकडा काढून तपासण्याचंही असंच. आपल्याला वाटतं, कॅन्सरचा संशय आला की बायोप्सी हवीच. इथे तसं सरसकट नाही. वय, लक्षणं आणि स्कॅन सगळं जुळत असेल तर बऱ्याच ठिकाणी बायोप्सीशिवायही उपचार सुरू करतात. शंका असेल तर सुईने, ठरावीक मार्गाने तुकडा घेतात. पोट उघडून गाठीचा तुकडा काढणं मात्र टाळतात, कारण पेशी पोटात सांडल्या तर आजार वरच्या टप्प्यात जातो.

माझ्याकडे दोन मुलं साधारण एकाच सुमाराला आली होती. दोघं साडेतीन वर्षांची, दोघांची गाठ जवळपास सारखी. पहिल्याला गावच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून हात न लावता चिठ्ठी देऊन पाठवलं. दुसऱ्याचं पोट आधी एका ठिकाणी उघडलं गेलं. गाठ मोठी, निघेना, म्हणून थोडी कापून पुन्हा शिवलं. दोन्ही मुलं आज शाळेत जातात. पण पहिल्याला रेडिएशन लागलं नाही. दुसऱ्याला पोटावर रेडिएशन द्यावं लागलं, एक जास्तीचं औषध द्यावं लागलं आणि त्याच्या आईवडिलांनी कितीतरी अधिक महिने घराबाहेर काढले. ज्याने ते पोट उघडलं त्याचा हेतू वाईट नव्हता. मुलांच्या गाठींचं काम रोज करणारी माणसं वेगळी असतात, एवढाच याचा अर्थ.

आधी ऑपरेशन की आधी औषध?

यावर जगात दोन पद्धती आहेत. अमेरिकेत बहुतेक मुलांचं आधी ऑपरेशन करतात, मग औषधं. युरोपात आधी चार आठवडे औषधं देतात, गाठ आकसते, मग ऑपरेशन. १९७० च्या आसपासपासून दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी शेकडो मुलांच्या नोंदी ठेवत आपापली पद्धत सुधारत नेली. गंमत म्हणजे वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, शंभरातली सुमारे नव्वद. आपल्याकडे मुलं उशिरा, मोठी गाठ घेऊन येतात. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आधी औषधाचा मार्ग धरतात. आकसलेली गाठ काढताना फुटण्याची भीती कमी असते.

म्हणून डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन महिन्याभराने", तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका. त्या महिन्यात औषध काम करत असतं.

ऑपरेशनमध्ये त्या बाजूची किडनी गाठीसकट अखंड काढतात आणि आसपासच्या लसिकाग्रंथीही तपासायला घेतात. एक किडनी गेली की कसं होणार, ही काळजी सगळ्यांना असते. दुसरी किडनी चांगली असेल तर एका किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य काढतो. काही थोड्या मुलांना दोन्ही किडन्यांत गाठी असतात. तिथे गाठ तेवढी काढून किडनी शक्य तितकी राखण्याचा प्रयत्न होतो. हे काम अनुभवी केंद्रातच व्हायला हवं.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांकडे जाते. खरा निकाल तिथे लागतो. गाठ कोणत्या जातीची, किती पसरली, यावर पुढची औषधं ठरतात. काहींना ऑपरेशननंतर चारच आठवडे औषध पुरतं, काहींना सहा-सात महिने लागतं, काहींना रेडिएशनही.

सदाफुलीची गोष्ट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गाठीतून फार थोडी मुलं वाचत. नुसतं ऑपरेशन होतं. मग शस्त्रक्रिया सुधारली, रेडिएशन आलं आणि १९५० च्या दशकात बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध या मुलांना दिलं. हे औषध मातीतल्या जंतूंपासून मिळालेलं. दुसरं मोठं औषध व्हिन्क्रिस्टिन. ते कशापासून मिळतं माहीत आहे? आपल्या अंगणात, कुंडीत, देवळाच्या आवारात फुलते त्या सदाफुलीपासून. मूळ मादागास्करचं हे झाड. शास्त्रज्ञ त्यात मधुमेहाचं औषध शोधत होते आणि हाती कॅन्सरवरची औषधं लागली.

हे सांगितलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मग पाल्याचा रस दिला तर?" नाही. पानांत हे द्रव्य अगदी नगण्य असतं आणि त्यासोबत इतर विषारी द्रव्यंही असतात. रुग्णालयात ते शुद्ध करून, मुलाच्या आकारमानानुसार मोजून, फक्त शिरेतून देतात. सुई शिरेबाहेर सरकली आणि औषध मांसात गेलं तर तिथे जखम होते. इतकं जपून द्यायचं औषध वाटीत मोजून देता येत नाही.

घरी काय सांभाळायचं

केस गळतात आणि पुन्हा येतात. तोंड येतं, भूक मंदावते. व्हिन्क्रिस्टिनने शौचाला कडक होतं, जबडा दुखतो, कधी पाऊल ओढल्यासारखं पडतं. हे सगळं डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात.

एक गोष्ट मात्र लिहून फ्रिजवर लावा. औषधं चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. या औषधांनी पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतूही रक्तात पसरतो. पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. घरात थर्मामीटर नसेल तर आजच आणा.

खायला घरचं ताजं, शिजवलेलं. वरण-भात, अंडं, खिचडी, नीट धुऊन सोललेलं फळ. हडकुळ्या मुलाला औषध सोसत नाही, म्हणून आहारतज्ज्ञांचं ऐका. उघड्यावरचं कापलेलं फळ आणि उसाचा रस काही महिने बंद.

गाठ गेली, उपचार संपलेले नाहीत

आता सगळ्यात अवघड भाग. औषधाने गाठ आकसते, ऑपरेशनने ती निघते, मूल हसायला लागतं. घरी पेरणी खोळंबलेली असते, दुसरं मूल आजीकडे रडत असतं, पैसे संपलेले असतात. मग एक दिवस ते कुटुंब येत नाही. फोन केला की म्हणतात, "आता बरा आहे हो, खेळतोय."

खेळतोय हे खरं असतं. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी शिल्लक असू शकतात, उरलेली औषधं त्यांच्यासाठीच असतात. अर्धवट उपचारानंतर परत आलेली गाठ जास्त कठीण असते. तेव्हा औषधं जास्त लागतात आणि यशाची खात्री कमी होते. श्रीमंत देशांत मुलांचे कॅन्सर ऐंशी टक्क्यांहून जास्त बरे होतात आणि गरीब देशांत कितीतरी कमी. तिथे औषधं वेगळी आहेत असं नाही. आपल्याकडे उशिरा येणं, चुकीच्या ठिकाणी जाणं आणि मधेच सोडणं यात मुलं हातची जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ध्येय ठेवलं की २०३० पर्यंत जगभरात निदान साठ टक्के मुलं वाचावीत. ते ध्येय शेवटी घराघरात गाठलं जाणार आहे.

म्हणून पैशाचं, राहण्याचं पहिल्याच दिवशी बोला. लाज बाळगू नका. प्रत्येक मोठ्या कॅन्सर रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तिथे जा. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ते दुसऱ्या राज्यातल्या यादीतल्या रुग्णालयातही चालतं. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण राज्याच्या योजनेला त्या राज्याची कागदपत्रं लागतात, म्हणून कुठे जायचं ते ठरवण्याआधी विचारून घ्या. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. मुंबईत टाटा रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना मोफत निवारा देणारी सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून मुंबईत आणि आता इतर शहरांतही काम करते. प्रत्येकाने मुंबईच गाठायला हवी असंही नाही. दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय, चेन्नईची अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट, वेल्लोरचं सीएमसी अशा अनेक ठिकाणी मुलांच्या कॅन्सरचे विभाग आहेत. घराजवळचं चांगलं केंद्र निवडलं तर उपचार पूर्ण होण्याची शक्यता वाढते.

शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांनाही सांगते. अशा घराला सल्ला कमी द्या, डबा जास्त द्या. त्यांचं दुसरं मूल आठ दिवस सांभाळा. हा आजार संसर्गाने पसरत नाही, तुमची मुलं त्या मुलाशी खुशाल खेळू द्या.

पुढचं आयुष्य

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं महत्त्वाची, कारण गाठ परतली तर बहुधा याच काळात परतते. ठरलेल्या तारखेला सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे चुकवू नका. नंतर वर्षातून एकदा बीपी आणि लघवी तपासायची. एकच किडनी आहे, म्हणून दुखण्याच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत. ज्यांना डॉक्सोरुबिसिन दिलं असेल त्यांच्या हृदयाची तपासणी अधूनमधून करावी लागते. उपचाराची फाइल जपून ठेवा, मूल मोठं झाल्यावर त्याच्या हाती द्या.

बाकी शाळा, खेळ, नोकरी, लग्न, सगळं होतं. मुलीच्या बाबतीत 'कॅन्सर झाला होता' हे लपवण्याचं दडपण घरच्यांवर जास्त असतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. तिने वयाच्या चौथ्या वर्षी एक मोठं दुखणं पार केलंय, इतकंच.

तेव्हा आज रात्री नातवाला, मुलाला तेल लावताना हात जरा सावकाश फिरवा. काही लागलं नाही तर उत्तम. लागलं तर दाबत बसू नका, सकाळी सोनोग्राफीला न्या.

पुढच्या भागात डोळ्यातल्या गाठीविषयी बोलू. फोटोत बाळाच्या एका डोळ्यात पांढरी चमक का दिसते, ते समजून घेऊ. काळजी घ्या. नमस्कार.